लॅपटॉपला उठवायचं कुणी?

२०२० साली शाळा बंद पडल्या आणि आपल्या घराघरांत लॅपटॉप शिरला. कुणी नवा घेतला, कुणी पुण्या-मुंबईच्या भाच्याचा वापरलेला आणला. पुढे मुलं कॉलेजला गेली, त्यांना नवे मिळाले आणि जुना लॅपटॉप आईकडे राहिला. आईनं तो कामाला लावला. बचतगटाचे हिशेब, शिवणक्लासची फी, मसाल्याच्या पाकिटावरची लेबलं, सगळं त्याच्यावर. चालू करणं आणि बंद करणं आपल्याला येतं. अडतं ते मधल्या अवस्थेत. चहाला उठून परत यावं, तर पडदा काळा. कळा दाबा, माउस फिरवा, हा आपला ढिम्म. झोपलेल्याला जागं करता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला करता येत नाही म्हणतात. हा त्यातला कुठला, तेच कळत नाही.

आता हा विषय बायकांच्या पुरवणीत कशाला, असं कुणाला वाटेल. माझ्या सांगलीच्या मावसबहिणीचं ऐका आणि मग ठरवा.

आक्का बी.कॉम. झालेली, पन्नाशी ओलांडलेली. गावभागात राहते. हळदीच्या दोन-तीन अडत्यांची आणि तासगावच्या एका बेदाणा व्यापाऱ्याची बिलं, खतावणी, जीएसटीची विवरणपत्रं ती घरी बसून करते. गेली बरीच वर्षं तिला आमवात आहे, डॉक्टर ज्याला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात तो. हा आजार पुरुषांपेक्षा बायकांना दोन ते तीन पट जास्त होतो. सकाळी उठल्यावर बोटं तासभर, कधी त्याहूनही जास्त वेळ आखडलेली असतात. दिवस वर येईल तशी ती सैल होतात आणि मग आक्काचं काम इतकं झरझर चालतं की बघत राहावं.

पूर्वी तिच्याकडे टेबलावरचा संगणक होता. खाली मोठा डबा, त्याला पुढे रुपयाएवढं बटण. ते ती तळहाताच्या कडेनं दाबायची, कुणाची गरज नव्हती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तळमजल्यावरच्या खोलीतला संगणक पाण्यात गेला. मुलानं मग एक वापरलेला लॅपटॉप आणून दिला. लॅपटॉपच्या चपट्या कळा तिला दाबवत नाहीत म्हणून वेगळा मोठा कीबोर्ड घेतला, नजरेच्या उंचीवर एक मॉनिटर ठेवला आणि लॅपटॉप झाकण मिटून बाजूच्या फळीवर. मांडणी उत्तम झाली. एकच गोष्ट राहिली. लॅपटॉप झोपला की फळीवरून तो खाली घ्यायचा, झाकण उचलायचं आणि कडेचं नखाएवढं बटण दाबायचं.

आक्का म्हणाली, "अगं, टायपिंग जमतंय गं मला, पण ते उठवणं जमत नाही. सून साडेआठला शाळेवर जाते, तिच्याकडून चालू करून घेते. मग मधे हे झोपलं, की मीपण बसले. पाणी पिऊन यायचीसुद्धा चोरी झाली बघ."

एका महिन्यात वीस तारखेलाच असं झालं. वीस तारीख ही दरमहा भरायच्या जीएसटी विवरणपत्राची शेवटची. दुपारी घरात कुणी नाही, लॅपटॉप झोपलेला. संध्याकाळी सून आल्यावर काम सुरू झालं, ते रात्रीत पुरं झालं नाही. दिवसाला पन्नास रुपये विलंब शुल्क. पन्नास रुपयांचं कुणी मनावर घेत नाही हो, पण व्यापारी म्हणाला, "आक्का, तुम्हाला होत नसलं तर सांगा, दुसरं कुणी बघतो." महिन्याला येणारे तिचे स्वतःचे पैसे, ज्यातून तिची औषधं येतात, ते अशा एका बटणावर लटकले होते. घरच्यांना वाटायचं, एक हाकच तर मारायची आहे! हाक मारणाऱ्याला ती दिवसातून किती वेळा मारावी लागते, ते त्यालाच माहीत.

तिनं एका दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यानं लॅपटॉप उलटापालटा करून "मदरबोर्ड गेलाय" म्हणून सांगितलं आणि साडेसहा हजारांचा आकडा टाकला. मदरबोर्ड धडधाकट होता.

आता हे झोपणं म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ. लॅपटॉपमध्ये एक तात्पुरती स्मृती असते, तिला रॅम म्हणतात. तो आपला ओटा समजा. चिरलेली भाजी, मळलेली कणीक, सगळं हाताशी मांडलेलं. लॅपटॉप झोपतो, इंग्रजीत 'स्लीप', तेव्हा ओट्यावरचं सगळं जागच्या जागी राहतं, फक्त घरातले दिवे मालवून झिरोचा बल्ब तेवढा चालू ठेवतात. म्हणून उठवला की दोन-चार सेकंदांत काम जिथं सोडलं तिथं सापडतं. पण झिरोच्या बल्बलाही वीज लागतेच. बॅटरी पार उतरली तर ओटा रिकामा. दुसरी झोप गाढ असते, तिचं नाव 'हायबरनेट'. त्यात ओट्यावरचं सगळं डब्यांत भरून फडताळात, म्हणजे डिस्कवर, ठेवतात आणि मेन स्विच बंद करतात. या झोपेत कीबोर्ड-माउसची दाद सहसा लागत नाही, बटणच दाबावं लागतं. तिसरी अवस्था शटडाउन, ती सगळ्यांना ठाऊक आहे.

बाहेरून जोडलेला कीबोर्ड म्हणजे दारावरची बेल. बेल दाबून आतला माणूस उठायचा, तर बेलच्या वायरीत करंट हवा आणि आतल्या माणसानं "या बेलला उठेन" असं ठरवलेलं हवं. लॅपटॉपच्या बाबतीत हे ठरवणं दोन ठिकाणी होतं. एक विंडोजमध्ये आणि एक त्याच्याही आधी जागं होणाऱ्या बायोस नावाच्या मूळ व्यवस्थेत. या तिन्हींपैकी एक जरी नसलं, तरी तुम्ही कीबोर्डवर तबला वाजवा, आत काही ऐकू जात नाही.

मागच्या दिवाळीत मी सांगलीला गेले तेव्हा आम्ही दोघी सकाळी बसलो आणि तिचा मुलगा पुण्याहून फोनवर. विंडोजचं आधी केलं. स्टार्टच्या चिन्हावर माउसचं उजवं बटण दाबलं की यादी येते, तिच्यात 'डिव्हाइस मॅनेजर'. त्यात 'कीबोर्ड्स' उघडलं तर आत दोन-तीन नावं, 'एचआयडी कीबोर्ड डिव्हाइस' अशी. आपला कोणता? आक्कानं युक्ती काढली. कीबोर्डची पिन काढली, यादीतलं एक नाव गेलं. पिन लावली, नाव परत आलं. तोच आपला. त्याच्यावर दोनदा क्लिक करून 'पॉवर मॅनेजमेंट' या पट्टीवर गेलं की एक वाक्य दिसतं, 'अलाउ धिस डिव्हाइस टू वेक द कॉम्प्युटर'. म्हणजे या उपकरणाला संगणक उठवायची परवानगी द्या. त्याच्यापुढच्या चौकोनात बरोबरची खूण करायची आणि ओके. पोरानं फोनवरून विचारलं, "खूण आहे का?" खूण होती! आधीपासूनच होती. मग घोडं अडलं कुठं?

बायोसमध्ये. लॅपटॉप पूर्ण बंद करून चालू करताना एक ठरावीक कळ दाबत राहिलं की बायोस उघडतं. कुठल्या कंपनीला एफ-टू, कुठल्या कंपनीला एफ-टेन, कुठं डिलीट. आतलं पान बऱ्याच ठिकाणी जुन्या काळातलं दिसतं, माउस चालेलच असं नाही, बाणांच्या कळांनी फिरावं लागतं. तिथं वीजव्यवस्थेच्या भागात 'यूएसबी वेक सपोर्ट' किंवा तशाच अर्थाची एक ओळ असते. आक्काच्या लॅपटॉपमध्ये ती 'डिसेबल्ड' होती. ती 'एनेबल्ड' केली आणि सेव्ह करून बाहेर पडलो. एक सांगते, बायोसमध्ये बाकी कशालाही हात लावू नका. बदल करण्याआधी त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. आम्ही तेच केलं.

राहिलं झाकण. कंट्रोल पॅनेलमधल्या 'पॉवर ऑप्शन्स'मध्ये डावीकडे 'चूज व्हॉट क्लोजिंग द लिड डझ' असतं, झाकण मिटल्यावर काय करायचं ते. तिथं चार्जर लावलेला असतानाच्या रकान्यात 'डू नथिंग' निवडलं. झाकण मिटलं म्हणून झोपायचं नाही, मी सांगेन तेव्हा झोप. झाकण मिटून चालवायचा तर लॅपटॉपच्या मागची-खालची हवेची जाळी मोकळी हवी. फळीवर वर्तमानपत्र किंवा कापड अंथरून त्याच्यावर तो ठेवू नये, तापतो.

मग आक्कानं स्टार्टमधून त्याला झोपवलं. दिवा मंद लुकलुकायला लागला. मिनिटभर थांबून तिनं तळहाताची कड स्पेसबारवर टेकवली. तीन सेकंदांत मॉनिटर उजळला. ती काही बोलली नाही. परत झोपवला, परत उठवला, असं चार वेळा केलं.

दुसऱ्या दिवशी वीज गेली आणि हा पुन्हा उठेना! त्याचंही कारण आहे. बऱ्याच लॅपटॉपमध्ये चार्जर जोडलेला असेल तरच झोपेत यूएसबी पोर्टला वीज मिळते. चार्जरची वीज तुटली की बॅटरी वाचवायला ते पोर्ट बंद केलं जातं. म्हणजे बॅटरी भरलेली असली तरी बेलची वायर तुटलेली. आक्काच्या घरी इन्व्हर्टर होता, पण तो पंखे आणि ट्यूबपुरता. वायरमनकडून टेबलाजवळ इन्व्हर्टरचा एक पॉइंट ओढून घेतला. संगणकाच्या सगळ्या खटाटोपात हाताने पैसे मोजावे लागले ते एवढेच.

पासवर्डचीही एक गोष्ट सांगून टाकते. उठल्यावर लॅपटॉप पासवर्ड मागतो. मोठं अक्षर काढायला शिफ्ट आणि दुसरी कळ एकाच वेळी दाबायची, हे आखडलेल्या बोटांना अवघड. शिफ्टची कळ लागोपाठ पाच वेळा दाबली की 'स्टिकी कीज' चालू करू का, असं विंडोज विचारतं. हो म्हटलं की शिफ्ट दाबून सोडायची आणि मग दुसरी कळ दाबायची, चालतं. लकवा झालेल्या, एकाच हातानं काम करणाऱ्या कुणालाही ही सोय उपयोगी आहे. ती फार वर्षांपासून विंडोजमध्ये आहे, आपल्याला कुणी सांगत नाही इतकंच.

माझं माहेर वाळवा तालुक्यातलं. आमच्या शेजारच्या वारणा खोऱ्यात १९९८ साली 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प आला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या सत्तरेक गावांत संगणक बसवण्याची ती योजना. उसाची नोंद, वजन, तोडीची माहिती गावातच मिळावी म्हणून. मोठी गोष्ट होती ती. पण कीबोर्डला हात लावायचा तो ऑपरेटरनं, आपण काउंटरच्या अलीकडून विचारायचं. पुढे २००७ च्या सुमारास तिथंच काही गावांत संगणकाऐवजी मोबाइलवरून संदेश पाठवून तीच माहिती मिळवायचा प्रयोग झाला. यंत्र गावात येणं वेगळं आणि आपल्या हातानं चालणं वेगळं, हे आपल्याकडच्या लोकांनी तेव्हाच बघितलं. नंतर एमएस-सीआयटीनं आपल्यातल्या पुष्कळजणींची कीबोर्डची भीती मोडली. एमकेसीएल ही संस्था २००१ साली स्थापन झाली आणि तालुक्या-तालुक्याला वर्ग निघाले. आमच्या साताऱ्याच्या गटातल्या चौघीजणी त्या वर्गाला जाऊन आल्यात. त्यांचा हात टेबलावरच्या संगणकावर बसलेला.

या साताऱ्याच्या गटाची कथा थोडी वेगळी. त्यांच्या लॅपटॉपची बिजागरी तुटली, झाकण एकदा उघडलं की मिटेना आणि मिटलं की उघडायची भीती. म्हणून त्यांनीही मॉनिटर लावला. कीबोर्ड कुणीतरी भेट दिलेला, बिनवायरीचा. लॅपटॉप झोपला की मॉनिटरवर 'नो सिग्नल' यायचं आणि एकच गलका व्हायचा, "वैनी, ह्यो परत गेला बगा!" मग कुणीतरी झाकणाच्या फटीत बोट घालून बटण दाबून धरायचं. बटण दाबून धरलं की लॅपटॉप उठत नाही, सक्तीनं बंद होतो आणि न साठवलेलं सगळं जातं. एका दुपारी अख्ख्या गटाच्या हप्त्यांच्या नोंदी अशाच गेल्या. वही होती म्हणून परत भरता आल्या. वही सोडायची नाही, हे आमच्या अध्यक्षबाईंचं म्हणणं त्या दिवशी सगळ्यांना पटलं.

तिथं दोष कीबोर्डच्या जातकुळीत होता. बिनवायरीचे कीबोर्ड दोन प्रकारचे. एकासोबत नखाएवढी पिन येते, ती यूएसबीत खोचायची. तो लॅपटॉपच्या लेखी वायरीच्या कीबोर्डसारखाच, बहुधा उठवतो. दुसरा ब्लूटूथचा. लॅपटॉप झोपताना ब्लूटूथचा रेडिओच बंद होत असेल, आणि कित्येकांत तो होतोच, तर कीबोर्डची हाक पोचणार कशी? गटानं साधा वायरीचा कीबोर्ड आणला. तोही आधी एका पोर्टचे चार करणाऱ्या हबमध्ये लावला होता, तिथून उठवेना. थेट लॅपटॉपमध्ये लावल्यावर उठवायला लागला.

तरी एक तक्रार उरलीच. सकाळी चहानंतर उठतो, दुपारी जेवून आल्यावर उठत नाही. हे ऐकलं की समजावं, लॅपटॉप साध्या झोपेतून गाढ झोपेत गेलाय. पॉवर ऑप्शन्सच्या 'अॅडव्हान्स्ड' भागात 'हायबरनेट आफ्टर' अशी ओळ असते, इतक्या मिनिटांनी गाढ झोप. चार्जर लावलेला असतानासाठी तिथं 'नेव्हर' केलं आणि तक्रार मिटली. मात्र रात्री घरी जाताना रीतसर शटडाउनच करायचं.

उलटी कटकटही ऐका. गटाची खोली रस्त्याला लागून. उसाचा हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टर-ट्रॉल्या रात्रंदिवस धडधडतात. टेबल हादरतं, लाल दिव्याचा माउस केसभर हलतो आणि झोपलेला लॅपटॉप आपोआप जागा होतो. एकीनं तर खोलीत कुणी येऊन गेलं म्हणून कुलूप बदलायला लावलं होतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'माइस'च्या खाली जाऊन माउसच्या परवानगीची खूण काढली आणि कीबोर्डची ठेवली. आता ट्रॉल्या खुशाल जाऊ देत. संगणकाला शेवटचं कुणी उठवलं, हे विचारायचीही सोय विंडोजमध्ये आहे. आज्ञा लिहायच्या त्या काळ्या खिडकीत 'पॉवरसीएफजी' या आज्ञेला 'लास्टवेक' जोडून विचारलं की बऱ्याचदा नाव सांगतो. घरातल्या माणसांसाठी अशी सोय असती तर किती वाद वाचले असते!

अगदी अलीकडच्या लॅपटॉपमध्ये वर सांगितलेली 'पॉवर मॅनेजमेंट'ची खूण कधी कधी सापडतच नाही. घाबरू नका. त्यांची झोप मोबाइलसारखी हलकी असते आणि जोडलेला कीबोर्ड बहुतेक वेळा न सांगताच उठवतो. अॅपलचा लॅपटॉप झाकण मिटून वापरायचा असेल, तर बाहेरचा मॉनिटर, कीबोर्ड आणि माउस यांबरोबर चार्जरही जोडलेला लागतो. आणि काही लॅपटॉप असे निघतात, की झाकण मिटलेलं असताना ते बाहेरच्या कुणाचंच ऐकत नाहीत, काही केलं तरी. तिथं झाकण चार बोटं उघडं ठेवणं एवढाच उपाय.

म्हणून वापरलेला लॅपटॉप घ्यायला जाताना घरचा कीबोर्ड पिशवीत घालून न्या. दुकानात चार्जर लावून तो झोपवायला सांगा, झाकण मिटा, पाच मिनिटं इकडचं तिकडचं बोला आणि मग आपल्या हातानं एक कळ दाबून बघा. नाही उठला तर बायोसमध्ये ती ओळ आहे का, ते तिथंच दाखवायला सांगा. दुकानदार तोंड वाकडं करेल. करू दे, पैसे अजून आपल्याच पर्समध्ये असतात.